तेराव्याचं पान

आईच्या तेराव्याचं पान पूर्वीनं आणि दादानं लालबागच्या देवळाबाहेरच्या गाईपुढे ठेवलं. वडे, खीर, पुरणपोळी फस्त करून गाईनं मोठा ढेकर दिला.

"झाली आई तृप्त," दादा म्हणाला. "आता तुझा तो औषधी चारा घालून हिचे ढेकरही बंद कर!"

गाईंच्या ढेकरांतून निघणारा मिथेन कमी करील असा आहार शोधणं, ही पूर्वीची नोकरी. गोठ्यातली कुठली गाय काय खाते आणि किती टाकते, हे तिला तोंडपाठ होतं.

"दादा, आई खोलीवर एकटी असायची, तेव्हा तू तिला डब्यात काय पाठवायचास रे?"

"मी?" गाईच्या पाठीवरचा दादाचा हात थांबला. "मला तर म्हणायची, पूर्वीचा डबा येतो."