मऊ वाळू

"दोन बोटं! दोन बोटं सरकली म्हणून एवढं काय नाचायचं?"

सारथीबाईंनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आदळला. खोलीतल्या टाळ्या जागच्या जागी विरल्या.

समोरच्या पडद्यावर मंगळावरून नुकताच आलेला फोटो होता. तांबूस वाळूत गाडीचं मागचं चाक निम्म्याहून अधिक गाडलेलं. कालच्या फोटोशी ताडून पाहिलं, तर गाडी जराशी, अगदी जराशी हलली होती. पंधरवडाभर सगळ्यांनी जिवाचं रान केलं, त्याचं हे फळ.

ती यंत्रगाडी बाई चालवायच्या, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना सारथीबाई म्हणत. चालवायची म्हणजे स्टिअरिंग धरायचं नव्हे. चाकं किती फिरवायची, कुठे वळवायची, ते लिहून पाठवायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. तिकडे गाडी दगडावर आपटली, तरी इकडे कळेपर्यंत कपातला चहा निवून जायचा.

गाडीला पोहोचायचं होतं पलीकडच्या उतारावर. तिथे मातीखाली बर्फ असावा असा अंदाज होता. गाडीने भोक पाडून तो दाखवायचा, मग माणसं जायची. चौघांची तुकडी निवडून तयार होती. पाणी तिथलंच वापरायचं होतं, आणि त्यांना परत आणणारं यान मागाहून, पुढच्या खेपेला जायचं होतं. तिकडची थंडी पडायच्या आत बर्फ सापडला नाही, तर मोहीम बारगळणार असं वरून बजावलं होतं.

त्या चौघांत बाईंची एकुलती एक लेक होती. आई वाट करून देते आणि लेक त्या वाटेने जाते, म्हणून दोघींचे फोटो किती ठिकाणी छापून आले होते.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," साहेब जवळ येऊन म्हणाले. "वरून बघताना ती जागा टणकच दिसत होती."

"दगडमातीवाले उजवीकडून न्या म्हणत होते. मी डावीकडून नेली. दोष माझाच आहे."

"चालणाऱ्यालाच ठेच लागते हो. बसणाऱ्याला कुठली?"

बाईंचं जेवणावरचं मन उडालं होतं. कोणी नवी युक्ती सुचवली की त्या खेकसायच्या, गाडी किंचित सरकली की जास्तच चिडायच्या. परवा ती पुन्हा खोल गेली तेव्हा मात्र गप्प झाल्या, उठून खिडकीपाशी गेल्या आणि ग्लासभर पाणी प्यायल्या. धीराची बाई आहे, असं सगळे म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून चाकोबा आत आला. चाकांचा इंजिनियर, म्हणून चाकोबा. मागच्या आवारात वाळूचा मोठा हौद होता आणि त्यात अगदी तशीच दुसरी गाडी. हा तिथेच पडीक असायचा. आत्ताही त्याच्या केसांतून वाळू गळत होती.

"सापडलं! पुढची चाकं आडवी करायची आणि मागची उलटी फिरवायची. खेकड्यासारखी तिरकी निघते! आत्ताच काढून आलो."

"आपला हौद म्हणजे मंगळ नव्हे," बाई म्हणाल्या. "चाकाचा दांडा मोडला तर?"

"आता तरी कुठे धावतेय ती?"

"आज नको. बॅटरी भरू दे."

"थंडी आपल्यासाठी थांबणार आहे का?" साहेब म्हणाले. "आजच पाठवा, बाई."

बाईंचा फोन वाजला. त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या.

"आई, नवी युक्ती सापडली म्हणे! निघेल?"

"बघू. तू जेवलीस का?"

"विषय बदलू नकोस गं. हातातोंडाशी आलेला घास आहे. मला इथे कशात लक्ष लागत नाही."

"नंतरही खेपा होतील, बाळा."

"तोवर माझं वय उलटून जाईल. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"जाऊ दे. तुझ्यासारखी सारथी असताना मी कशाला घाबरू?"

बाई आत येऊन आज्ञा लिहायला बसल्या. चाकोबा खुर्ची ओढून शेजारी बसला आणि ओळ न् ओळ वाचू लागला.

"बाई, इथे उणे हवं. तुम्ही अधिक टाकलंय. अशाने चाक आणखी आत जाईल!"

"हो का?"

"किती दमलाय तुम्ही!" त्याने स्वतःच हात पुढे करून चिन्ह बदललं.

संदेश गेला. वाट बघणं सुरू झालं. कोणी येरझारा घालत होतं, कोणी नखं खात होतं. बाई हाताची घट्ट घडी घालून बसल्या होत्या.

फोटो वरून खाली हळूहळू उमटत गेला. गाडी सपाट खडकावर उभी होती. सहाही चाकं मोकळी.

खोली डोक्यावर घेतली सगळ्यांनी. चाकोबाला कोणीतरी उचललं, साहेबांचा चष्मा पडला. बाई मात्र टेबलावर डोकं टेकवून हुंदके देऊ लागल्या.

"रडू द्या त्यांना," साहेब सद्गदित होऊन म्हणाले. "फार सोसलंय त्यांनी."

फोन पुन्हा वाजला. "आई! निघाली! तू काढलीस!"

"हो बाळा," बाई कशाबशा म्हणाल्या.

पडद्यावर गाडीच्या मागचा रिकामा खड्डा दिसत होता. गाडी हमखास रुतेल अशी तेवढी एकच जागा त्या अख्ख्या वाटेवर होती, आणि ती हुडकायला बाईंना महिनाभर नकाशे चाळावे लागले होते.