मौलाण्णाची ओवाळणी

"पेव उघडायचं का न्हाय, ते एकदा सांगा," शेजारचा बलभीम ओट्यावर टेकत म्हणाला. "पाऊस सरला. गावातली समदी पेवं उघडली."

शिवलिंगप्पानं आत पाहिलं. गंगम्मा जात्यावर बसली होती. परसात जमिनीत खोदलेलं पेव ज्वारीनं अर्धं भरलेलं होतं आणि ती दुकानातून आणलेली ज्वारी दळत होती.

"भाऊबीज होऊ द्या," ती आतूनच म्हणाली.

"भाऊबिजेचा अन् पेवाचा काय संबंध, वहिनी?" बलभीम हसला. "तुमी थोड्याच उतरणार हाव खाली? आधी कंदील उतरणार, मग आमी."

"कंदील कशाला?"

"तळाला कोंडलेली हवा असती. कंदील इझला तर माणूसबी इझतो. तोंड उघडं टाकून वारं जाऊ द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा. तुमी उमरग्याच्या दुकानदाराच्या लेक. तुमच्याकडं पोती. तुमाला कसं ठावं असणार?"

जात्याची घरघर थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली नाही.

शिवलिंगप्पाला त्याचं नवल वाटलं नाही. भाद्रपदापासून हे असंच चाललं होतं. दळता दळता ती थांबायची, नाहीतर शेणाची पाटी घेऊन सारवत सुटायची. भिंती, ओटा, पेवाचं तोंड, हाताला येईल ते. ती मौलासाबची वाट बघतेय, हे त्याला ठाऊक होतं.

मौलासाब गावचा मणियार. गंगम्मा लग्न होऊन आली, तेव्हा पहिला चुडा त्यानंच भरला होता. तिला सख्खा भाऊ नव्हता. सोबत आलेला तिचा बाप मौलासाबला म्हणाला होता, "माझ्या लेकीचा हात धरायचा तर भाऊ होऊन धर."

मौलासाबनं ते मनावर घेतलं. दर भाऊबिजेला तो खण आणि हिरव्या बांगड्या घेऊन यायचा, पाटावर बसायचा, कपाळाला कुंकू लावून घ्यायचा आणि घरी जाईपर्यंत पुसायचा नाही. रमजानच्या ईदेला गंगम्मा हातानं वळलेल्या शेवया, गूळ आणि तूप त्याच्या घरी पाठवायची. त्याची बायको राबिया त्या शेवयांचा शिरखुर्मा करायची आणि म्हणायची, "गंगाक्का के शेवयां बगैर ईद कैसी?" लग्नाआधी भाऊबिजेला चंद्राला ओवाळणारी गंगम्मा त्यानंतर कधी चंद्राकडं वळली नव्हती.

भाद्रपदात निजामाचं राज्य पडलं, तेव्हा शिवलिंगप्पा बैलगाडीसह सोलापूरकडं अडकला होता. परतला तो मौलासाबच्या घराच्या जागी जळके वासे उभे होते. बाहेरगावची माणसं आली होती, असं सगळे सांगत. कुठल्या गावची, ते कुणी सांगेना. राबियाला आणि लेकरांना मौलासाबनं आधीच तिच्या माहेरी उमरग्याला पोचवलं होतं. तो स्वतः मात्र कुणाला दिसला नव्हता.

"मौलाण्णा इकडं आला हुता का?" शिवलिंगप्पानं त्या दिवशी विचारलं होतं.

"तुमी आधी जेवून घ्या," गंगम्मा म्हणाली होती.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी तो उमरग्याला गेला. राबिया उंबऱ्यातच बसली होती. त्याला पाहून ती उठली आणि तिनं त्याच्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"अकेलेच आए?"

शिवलिंगप्पानं मान खाली घातली. ती आत गेली आणि चिंधीत गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन आली.

"ये गंगाक्का के. हमना छोडने आए तब अलग निकालको रखे थे. बोले, दिवाली में मैंच पहनाऊंगा." तिनं चिंधी त्याच्या हातात दिली. "ले जाव. आये तो बोलना, पोरां पूछतेंय."

परतीच्या वाटेवर शिवलिंगप्पानं काय बोलायचं ते मनाशी घोळवून ठेवलं. आयुष्यात तो कधी गंगम्माशी खोटं बोलला नव्हता. पण ती धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. यंदा रिकामा पाट तिच्यानं बघवला नसता.

"मौलाण्णानं पाठवल्यात," दुसऱ्या दिवशी चिंधी सोडून दाखवत तो म्हणाला. "बीदरला हाय. सुखरूप हाय. वाट मोकळी झाली की येतो म्हणलाय."

"बीदरला?"

"व्हय."

"त्यानं सोताच्या हातानं दिल्या?"

"सोताच्या हातानं."

गंगम्मानं कितीतरी दिवसांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत दया होती. ती कुणाबद्दल, ते त्याला कळलं नाही.

बांगड्या तिनं स्वतःच चढवल्या. मौलासाबच्या हातून कधी एकही बांगडी टिचली नव्हती, आज एक टिचली. मनगटावर आलेलं रक्त तिनं पदरानं टिपलं आणि ताट मांडायला घेतलं. निरांजन, कुंकू, सुपारी, वाटीत शेवयांची खीर. पाट मात्र तिनं मांडला नाही.

दिवस मावळला. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसू लागली. ती ताट घेऊन उठली, तसा शिवलिंगप्पा दारात आडवा आला.

"चंद्राला नगं ओवाळू, गंगे. भाऊ हाय तुझा."

"चंद्राला न्हाय ओवाळत," ती म्हणाली.

ती दाराकडं आलीच नाही. वळून परसात गेली. शिवलिंगप्पा मागोमाग गेला. पेवाच्या तोंडावरच्या शिळेपाशी ती गुडघे टेकून बसली. शिळेला कुंकू लावलं, खिरीची वाटी पुढं ठेवली. मग ताट उचलून सावकाश ओवाळलं. बांगड्या किणकिणल्या.

"आधी दिवा सोडायचा असतो," शिळेकडं बघत ती म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच न्हाय रं, अण्णा."