पाकिटातले ठोके

अण्णांना वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याआधी त्यांचा पेसमेकर काढला, कारण आगीत तो फुटतो. पोलिसांनी तो पाकिटात सील केला आणि माझ्या भावाला, ऋषीला, खुनाच्या संशयावरून उचललं.

"मरण्याआधी ठोके एकदम वाढलेत. बापलेकांत भांडण झालं असणार," साहेब म्हणाले.

"अहो, लिफ्ट बंद होती. जिना चढून आले होते ते. मी हॉस्पिटलात हीच यंत्रं तपासते. यंत्र ठोके मोजतं, कारण सांगत नाही."

"मशिन तुम्ही शिकलात ताई, तपास आम्ही."

माझं डोकं सणकलं. अण्णांचं काळीज त्यांच्याच मुलाविरुद्ध साक्षीला उभं करायचं, तेही त्यांना न विचारता?

साहेबांनी पेसमेकरची नोंद दाखवणारी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रेघ हलत होती.

"ही जुनी नोंद ना?" मी विचारलं.

"नाही," शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला. "पाकिटातून आत्ता येतेय."

हृदयाशिवाय ती सपाट असायला हवी होती.

"बिघाड असेल," साहेब म्हणाले. "पोरानंच मारलंय."

रेघ उसळली. ठोके वाढत गेले, तंत्रज्ञ खुर्चीतून उठला. जिन्यात प्रत्येक मजल्यावर मी त्यांना म्हणायचे तेच माझ्या तोंडून निघालं:

"अण्णा, दमानं."

ठोके उतरू लागले.