रोजचा प्रश्न

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही लेक कामावरून आली, तशी त्यांनी विचारलंच, "तुझं ते यंत्र शिकतं कसं गं?"

"बाबा, कितव्यांदा सांगू! नवीन काही शोधलं की त्याला गुण देतो आम्ही, म्हणून ते शोधत राहतं."

"आणि तेच तेच पुन्हा केलं तर?"

"तर भोपळा!"

"बरं झालं बाई, मी यंत्र नाही," बाबा मिश्कील हसले.

बाबा गेल्यावर भेटायला आलेले त्यांचे नेहमीचे सलूनवाले काका म्हणाले, "यंत्र कसं शिकतं, ते तुझ्या बाबांनी मागच्या वर्षीच आम्हाला इतकं झकास समजावलं, की मी कात्री बाजूला ठेवून ऐकत बसलो."

 

काकांना निरोप देऊन तिने दार लावलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुम्ही विचाराल म्हणून मीसुद्धा रोज वाट बघायचे हो."