डावीकडची झाडं

नानाजी एसटीचे ड्रायव्हर, पण सुट्टीतही मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर गाड्यांचाच गेम खेळायचे. महिन्याभरापासून त्यांची तक्रार होती, रस्त्याच्या डावीकडचं चित्र उमटत नाही. मेकॅनिक रुपेश दर वेळी सीपीयू वर्ध्याच्या दुकानात न्यायचा. तिथे सगळं लख्ख दिसायचं; बोरगावला घरी आणलं की नानाजींची तीच रड. त्याने मॉनिटर बदलला, तीन ग्राफिक्स कार्डं बदलली. आज चौथं लावून तो पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसला. पडद्यावर डावीकडे झाडं स्पष्ट होती. नानाजींनी गाडी सरळ त्यांच्यावर घातली. “पाह्य, झाडं आलीच नाई.” रुपेशने कार्डाचं खोकं त्यांच्या डाव्या डोळ्याशेजारी हळूच फिरवलं. पापणीही हलली नाही. “काका, हे खोकं कोणत्या रंगाचं हाये?” “कोणतं खोकं?” खाकी शर्टाची बटणं लावत नानाजी म्हणाले, “आटप लवकर, मले चारला आंजीची एसटी काढायची हाये.”