मृतमस्तक

गाडीच्या डिकीत दोनशे मृतमस्तकं होती आणि मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी, अभिजित समाधानाने बसला होता. पोलिसाने थांबवून विचारलं असतं, तरी त्याने हेच उत्तर दिलं असतं, इतका त्याला त्या नावाचा अभिमान होता. 'मृतमस्तक' हा त्याने मराठीत आणलेला अमेरिकन कवितासंग्रह. मूळ नाव 'डेडहेड'. आज शुक्रवारी सहा वाजता, दोहाच्या मराठी मंडळात, खुद्द कवयित्रीच्या हस्ते प्रकाशन. 'मेलेलं डोकं', 'गतप्राण शिर', 'निष्प्राण शीर्ष' असं करत करत चार महिन्यांनी त्याला हा शब्द सापडला होता. सापडला त्या दिवशी त्याने ऑफिसातून अर्धी रजा घेतली होती.

कवयित्री मार्ज हॅलगार्ड एका सत्रापुरत्या इथे शिकवायला आल्या होत्या आणि समैस्माला समुद्राकाठी राहत होत्या. त्यांना आणायला निघालेला अभिजित वाटेत परिचयाचं भाषण घोटत होता. श्रोते एकच, ड्रायव्हर सुदामभाऊ. तेही पळून जाऊ न शकणारे.

"मक्याच्या शेतांत बालपण," अभिजितने सुरुवात केली. "बावीस वर्षं शाळेच्या बसचं सारथ्य. त्रेपन्नाव्या वर्षी पहिला संग्रह. पुढे दोन मोठे पुरस्कार. मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवणारी ही..."

"सारथ्य म्हंजी, बाई बस चालवायच्या?"

"हो. पण ते गौण आहे."

"गौण कसं, सायेब? बावीस वर्षं!" सुदामभाऊ मूळचे अंबाजोगाईकडचे. पंधरा वर्षं त्यांनी स्वतः इथे स्टिअरिंगमागे काढली होती. "अन् पुस्तकाचं नाव काय म्हणलात, इंग्लिशमधी?"

"डेडहेड. म्हणजे मृत्यू आणि बुद्धी यांच्यातलं..."

"म्हंजी एम्टी."

"काय?"

"एम्टी गाडी हो. पोरं शाळंत सोडली, बस रिकामी घेऊन माघारी डेपोत. ती फेरी डेडहेड. लेबर कॅम्पची बस चालवायचो तवा आमचा सुपरवायझर अमेरिकेचा होता. लॉगबुकात लिहायचा, सुदाम, सात ते आठ, डेडहेड. पयल्यांदा वाचलं तवा मला वाटलं, शिवीच द्यायलाय."

अभिजितचा कागद मांडीवर आला. त्याला स्वतःच्याच ओळी आठवल्या: 'पृष्ठभागी शून्यांच्या रांगा, दर्पणी मी पुसते प्रश्न अन्नाचा.' खाली टीप होती, दर्पण म्हणजे आत्मा. दर्पण म्हणजे बसचा आरसा होता. शून्यांच्या रांगा म्हणजे रिकामी बाकं. आणि अन्नाचा प्रश्न म्हणजे, डबा खाल्लास का रे?

त्या आरशावर त्याने चौदा पानांची प्रस्तावना लिहिली होती. तीत छिन्नमस्ता देवी आणली होती. मंडळाचे ज्येष्ठ दत्तोपंत ती वाचून म्हणाले होते, "अभिजित, मला कळलं काहीच नाही, पण हादरलो." बाईंना मेलवर एक शंका विचारली असती तर हे टळलं असतं. पण शंका विचारणारा अनुवादक वाटतो, न विचारणारा अभ्यासक वाटतो.

मग त्याच्या लक्षात आलं की घाबरायचं कारण नाही. बाईंना मराठी येत नव्हती, मंडळाला बस येत नव्हती. सुदामभाऊ हॉलबाहेर गाडीत बसणार होते. सगळं सुरळीत पार पडणार होतं. त्याने कागद पुन्हा उचलला.

"पण सुदामभाऊ," तो जाता जाता म्हणाला, "रिकाम्या बसवर कुणी कविता कशाला करील?"

"रिकामी कुठं असती?" सुदामभाऊंनी आरसा जरासा नीट केला. "गाडी एम्टी असली की मी शालूला बसवतो मागं. पोरगी हाय माझी, गावाकडं. आठवीला गेली. सांगत असतो तिला, हे बग स्टेडियम, हा बग समुद्र. जेवलीस का, विचारतो. फोनवर नीट बोलत नाही आता, लाजती. गाडीत बोलती." ते हसले. "तिथंच बसती. उजव्या खिडकीपाशी. आरशात बरी दिसती."

अभिजित डावीकडे सरकला.

समैस्माला बाई दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी उजवीकडचं मागचं दार उघडलं आणि अभिजित घाईघाईने इंग्रजीत म्हणाला, "तिथे नको, बाई. ती जागा सुदामभाऊंच्या मुलीची आहे. गाडी डेडहेड असली की ती तिथे बसते."

बाईंनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग आरशातल्या सुदामभाऊंच्या डोळ्यांकडे. आत कुणाची बोटं चिमटू नयेत असं, हलक्या हाताने त्यांनी दार लावलं आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी येऊन बसल्या. पट्टा बांधून त्यांनी सुदामभाऊंकडे बघत मान हलवली. सुदामभाऊंनीही हलवली. त्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. डिकीत गठ्ठे धाडकन आपटले.

"मला अजून कुणी सांगितलंच नाही," बाई मागे वळून म्हणाल्या. "माझ्या पुस्तकाचं मराठीत नाव काय आहे?"

"अजून ठरायचंय," अभिजित म्हणाला.