अर्धी वाक्यं

अच्युतरावांची बायको नलिनी काळजीची सवय मोडावी म्हणून रोज नाश्त्याला मनगटावरचं बोलकं घड्याळ म्हणेल ती अर्धी वाक्यं पुरी करायची. ‘घराचं दार उघडं दिसलं, कारण…’ दोन महिन्यांपूर्वी ती ‘चोर शिरला’ म्हणायची. आता ‘लेक लवकर आली’ हे आपसूक यायचं.

आज ती कुलूप लावून सरळ जिना उतरली. तीस वर्षं ती पाच-पाच वेळा कुलूप ओढून बघायची आणि अच्युतराव खाली स्कूटरपाशी निवांत उभे असायचे.

“नीट लागलंय ना गं?”

“लागलंय की.”

तरी ते वर जाऊन कुलूप ओढून आले. मग पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा नलिनीने घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं.

‘बायको हसली, कारण…’ घड्याळ म्हणालं.

“आता खाली निवांत उभं राहायची पाळी तिची आहे,” अच्युतराव म्हणाले.